तेल कुठल्या मातीतले? बायोडिझेलच्या वाटेवरचा एक प्रवास

बायोडिझेलची महती सांगताना १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाचा दाखला हमखास दिला जातो. तिथे ऑटो कंपनीने मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले. ते इतके सुरळीत चालले, की इंधन वेगळे आहे हे पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या लक्षात आले. खुद्द रुडॉल्फ डिझेलने हे १९१२ मध्ये लिहून ठेवले आहे. मात्र याच हकिकतीचा दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही. ही कल्पना फ्रेंच सरकारची होती. फ्रान्सच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकत होता, आणि त्या तेलावर तिथली यंत्रे चालली तर बाहेरून कोळसा किंवा खनिज तेल न्यावे लागणार नव्हते. म्हणजे इंजिनाला वनस्पती तेल चालते का, या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळाले. हे तेल कुणाच्या जमिनीवर पिकवायचे आणि त्यासाठी तिथले दुसरे काय सोडायचे, हा प्रश्नही तेव्हाच जन्माला आला, आणि तो आजवर सुटलेला नाही. बायोडिझेलची पारख प्रयोगशाळेत होत नाही, ती तेलाच्या उगमाशी होते, असे माझे म्हणणे आहे. ते तपासायचे तर त्या उगमांच्या वाटेनेच जावे लागते. भारतात ही वाट खंबातच्या आखाताकाठी सुरू होते, छत्तीसगडचे मैदान आणि गोदावरीचा त्रिभुज प्रदेश ओलांडते, मग कर्नाटकाच्या पठारावरून कोकण किनाऱ्याला लागते आणि मुंबईतल्या तळणीच्या कढयांपाशी येऊन थांबते.

सुरतेजवळच्या हजीऱ्याहून घोघ्याला जाणाऱ्या फेरीबोटीत माणसांबरोबर मोटारी आणि मालवाहू ट्रकही चढतात. रस्त्याने आखाताला वळसा घालून सुमारे ३७० किलोमीटर पडणारे अंतर समुद्रमार्गाने ९० किलोमीटरवर येते. खाली गढूळ, भरती-ओहोटीने सतत घुसळलेले पाणी, आणि पलीकडच्या काठाला खारी, सपाट, झाडे विरळ असलेली जमीन. घोघ्यापासून भावनगर जवळच आहे. या शहरात १९५४ साली केंद्रीय मीठ आणि सागरी रसायने संशोधन संस्था सुरू झाली. मिठावर संशोधन करणाऱ्या संस्थेने डिझेलच्या झाडामागे लागावे, हे प्रथम चमत्कारिक वाटते. पण इथली जमीन पाहिली की त्यामागचे कारण उमगते. जिथे नेहमीची पिके धड येत नाहीत अशा खारवट, दगडाळ जमिनीवर काय उगवेल, हा या संस्थेचा जुनाच प्रश्न. मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, हे त्याचे एक उत्तर वाटले. गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून गुजरात-महाराष्ट्रात तो पूर्वीपासून कुंपणाला लावला जातो. पाऊस कमी पडला तरी तग धरतो. बियांत तीस टक्क्यांच्या आसपास किंवा थोडे अधिक तेल असते. संस्थेने भावनगर जिल्ह्यात चोरवडल्याला प्रायोगिक लागवड केली आणि त्या बियांपासून युरोपीय मानकात बसणारे बायोडिझेल बनवले. २००४ मध्ये या इंधनावर चालणाऱ्या मर्सिडीज मोटारीने इंजिनात मोठा फेरबदल न करता भारतभर सुमारे ५,९०० किलोमीटरचा प्रवास केला. त्या प्रवासाने इंजिनाविषयीची शंका फिटवली. शेताविषयीची शंका मात्र त्या मोटारीच्या टाकीत मावणारी नव्हती.

ती शंका समजायची तर पूर्वेकडे जावे लागते. मुंबई-हावडा लोहमार्ग नागपूर, गोंदिया ओलांडून डोंगरगडाच्या टेकडीवरील बम्लेश्वरी मंदिराच्या पायथ्याशी छत्तीसगडात शिरतो. तिथून रायपूरपर्यंत दोन्ही अंगांना भाताची खाचरे, मध्ये मोहाची झाडे आणि गावागावांत तळी. २००५ नंतरच्या काही वर्षांत या राज्याने जट्रोफाची, तिथल्या बोलीत रतनजोतची, लागवड मोठ्या हिरिरीने हाती घेतली. डिझेल आता आखाती देशांतून येणार नाही, परसातल्या बाडीतून येईल, अशा अर्थाची घोषणा गावोगाव पोचली. या उत्साहाच्या मुळाशी नियोजन आयोगाच्या समितीचा २००३ चा अहवाल होता, आणि त्यातले गणित सरळ होते. हेक्टरी २,५०० झाडे, दर झाडाला दीड किलो बी, म्हणजे हेक्टरी पावणेचार टन बी आणि सुमारे १.२ टन तेल. अशी १ कोटी १२ लाख हेक्टर जमीन लागवडीखाली आली, तर २०११-१२ पर्यंत देशाच्या डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळता येईल. ते वर्ष उलटून गेले. २००९ च्या जैवइंधन धोरणाने तीच २० टक्क्यांची मुदत २०१७ पर्यंत पुढे ढकलली, आणि २०१८ च्या धोरणाने ते लक्ष्य २०३० साठी ५ टक्क्यांवर आणले. प्रत्यक्षातले मिश्रण आजही एका टक्क्याच्या आतच आहे.

हे गणित कुठे चुकले, याचे उत्तर त्या भातखाचरांच्या बांधांवर आणि त्यांच्या पलीकडच्या माळांवर मिळते. जट्रोफा हे रानटी झुडूप आहे. गहू-भातासारखी हजारो वर्षांची निवड त्याच्या वाट्याला आलेली नाही. शेजारशेजारच्या दोन झाडांच्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुष्काळात ते जगते हे खरे, पण जगणे वेगळे आणि फळणे वेगळे. भरघोस बी हवे असेल तर त्यालाही पाणी आणि खत लागते, आणि पाणी-खत घालायचेच तर शेतकरी भात किंवा भाजी का लावणार नाही? शिवाय एकाच झुडपावर कच्ची, पिकलेली आणि वाळलेली फळे एका वेळी असतात, त्यामुळे वेचणी हातानेच आणि पुनःपुन्हा करावी लागते. एक लिटर तेलाला साडेतीन ते चार किलो बी लागते, ते वेचायची मजुरी आली, आणि पेंड विषारी असल्यामुळे गुरांना घालून ती भरून काढण्याची सोयही नाही. ज्या जमिनीला सरकारी कागदात पडीक म्हटले होते, ती अनेक ठिकाणी गावाची चराऊ जमीन होती. तिथे झुडपे लावणे म्हणजे शेळ्या-गुरांचे रान कमी करणे. याच राज्याच्या बियांपासून डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने विमानाचे जैवइंधन बनवले, आणि २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचे विमान त्याचे मिश्रण वापरून डेहराडूनहून दिल्लीला उतरले. रेल्वेने तर ३१ डिसेंबर २००२ लाच दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के मिश्रणावर धाववली होती. भावनगर, दिल्ली, डेहराडून, प्रत्येक चाचणी यशस्वी ठरली आणि योजना तरीही फसली. कारण चाचणीला काही पिंप तेल पुरते, आणि योजनेला कोटीभर हेक्टर जमीन लागते.

रायपूरहून टिटलागड, रायगडा, विजयनगरम असा डोंगरातून उतरत जाणारा लोहमार्ग आंध्रच्या किनाऱ्याला पोचवतो, आणि विशाखापट्टणमहून दक्षिणेला सामलकोटवरून काकीनाडा गाठता येते. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या कडेचे हे बंदर. एका बाजूला कोरिंगाचे खारफुटीचे जंगल, दुसऱ्या बाजूला जहाजांचे धक्के, आणि बाजारात कोटय्या काजा या प्रसिद्ध मिठाईची दुकाने. बंदरालगत खाद्यतेलाच्या शुद्धीकरणाचे कारखाने दाटीने उभे आहेत, कारण इंडोनेशिया-मलेशियातले पाम तेल इथे टँकरमधून उतरते. बायोडिझेलचे मोठे कारखानेही इथेच का उभे राहिले, याचे उत्तर आजूबाजूच्या शेतांत मिळत नाही, ते जहाजांच्या धक्क्यावर मिळते. पाम तेलातला पातळ भाग तळणीसाठी वेगळा काढला की स्टिअरिन नावाचा घट्ट भाग मागे उरतो, आणि तो या कारखान्यांचा एक मुख्य कच्चा माल आहे. पुढची प्रक्रिया फारशी गूढ नाही. वनस्पती तेल खनिज डिझेलच्या दहापटीहून अधिक दाट असते; तसेच्या तसे वापरले तर फवारा नीट उडत नाही, आणि इंजिनात काजळी व चिकटा धरतो. म्हणून १०० किलो तेलात साधारण १० किलो मिथेनॉल आणि थोडा सोडियमचा अल्कली घालून ते गरम करून ढवळतात. तेलाच्या रेणूतून ग्लिसरीन सुटून तळाशी बसते आणि वर सुमारे १०० किलो पातळ बायोडिझेल राहते. तेल खवट किंवा आम्लधर्मी असेल तर अल्कलीने त्याचा साबण होतो, म्हणून आधी आम्ल वापरून ते सुधारून घ्यावे लागते. प्रक्रिया इतकी आटोपशीर असल्यामुळे खर्चाचा मोठा वाटा कच्च्या तेलाचाच असतो, आणि म्हणून कारखाना तेलाच्या मागोमाग जातो.

काकीनाड्यात उतरणाऱ्या तेलाची वाट उलटी धरली तर ती बंगालचा उपसागर ओलांडून इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावरच्या रियाऊ प्रांतात, दुमाईसारख्या बंदरांत पोचते. जगातला बायोडिझेलचा सर्वात धाडसी प्रयोग या देशात चालू आहे. इंडोनेशियाने डिझेलमधले पाम बायोडिझेलचे प्रमाण २०२० मध्ये ३० टक्के, २०२३ मध्ये ३५ टक्के आणि २०२५ पासून ४० टक्के केले, आणि पाम तेलाच्या निर्यातीवरील करातून त्याला पैसा पुरवला. आपल्याकडे एक टक्काही गाठता येत नाही, तिथे चाळीस टक्के कसे जमतात, या प्रश्नात पुष्कळ शिकण्यासारखे आहे. पाम हे जट्रोफासारखे आशेवरचे पीक नाही. हेक्टरी तीन-चार टन तेल ते खरोखर देते. पण रियाऊतल्या अनेक बागा पाणथळ पीटच्या जमिनीवर उभ्या आहेत. पीट म्हणजे हजारो वर्षे न कुजता साचलेला झाडपाला. त्यात चर खणून पाणी काढले की तो कुजू लागतो, वाळतो आणि पेटतो. २०१५ च्या वणव्यांत इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले आणि त्याचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पसरला. २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या फार्जिओन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने हा हिशेब मांडला: पीटचे जंगल तोडून लावलेल्या पामच्या बायोडिझेलला, जंगलतोडीत सुटलेला कार्बन भरून काढायला सुमारे ४२३ वर्षे लागतील, साध्या सखल जंगलाच्या बाबतीत सुमारे ८६ वर्षे. झाड पुन्हा उगवते म्हणून इंधन नवीकरणीय ठरते, हा युक्तिवाद इथे कोलमडतो. पीक दरवर्षी येते. पीटचा थर येत नाही.

पामच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे इथे ऐकायलाच हवे, कारण ते पोकळ नाही. सोयाबीन हेक्टरी जेमतेम अर्धा टन तेल देते, मोहरीवर्गीय पिके एक टनाच्या आसपास. मग जगाला तेल हवेच असेल तर सर्वात कमी जमीन पामलाच लागते. शिवाय इंडोनेशियातल्या पाम क्षेत्राचा मोठा हिस्सा छोट्या शेतकऱ्यांच्या हातात आहे, आणि डिझेलची आयात घटल्याने त्या देशाचे परकीय चलन वाचते. युरोपने आपली जंगले केव्हाच तोडून शेते केली, मग आता उष्ण कटिबंधाला उपदेश का, हा त्यांचा सवालही रास्त आहे. तरी या सगळ्या मुद्द्यांतून पाम चांगले खाद्यपीक आहे एवढेच सिद्ध होते. तेच तेल गाडीत जाळायला घेतले की मागणीला तळ उरत नाही, कारण माणसाचे पोट भरते पण टाकी पुन्हा रिकामी होते. २०२२ च्या एप्रिल अखेरीस, जगातल्या सर्वात मोठ्या पाम उत्पादक देशातच स्वयंपाकाचे तेल महाग आणि दुर्मीळ झाल्यामुळे इंडोनेशियाला पाम तेलाची निर्यात सुमारे तीन आठवडे बंद करावी लागली. या टंचाईला युद्ध आणि बाजार अशी इतरही कारणे होती, पण इंधनाच्या टाकीने आधीच आपला वाटा राखून ठेवला होता हे नाकारता येत नाही. त्या बंदीची झळ भारतातल्या स्वयंपाकघरांना बसली, कारण आपल्या खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागते. असा देश ताज्या खाद्यतेलाचे डिझेल करू लागला, तर तो एक आयात घटवून दुसरी वाढवील. भारताच्या धोरणाने पहिल्यापासून अखाद्य तेलांवर भर दिला, तो म्हणूनच शहाणपणाचा होता. अंमलबजावणी फसली म्हणून त्या मूळ विचाराला दोष देता येणार नाही.

तो विचार जरा वेगळ्या रीतीने राबवलेला पाहायचा तर कर्नाटकात हासनला जावे. शहराजवळ मडेनूर येथे बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचे जैवइंधन उद्यान आहे. भोवतीच्या पठारावर नाचणी, मका, नारळाच्या बागा, आणि बांधांवर करंज. कन्नडमध्ये त्याला होंगे म्हणतात. हा वृक्ष इथे कुणा योजनेने आणलेला नाही. सावलीसाठी, हिरवळीच्या खतासाठी आणि दिव्याच्या तेलासाठी तो पिढ्यान्‌पिढ्या लावला जातो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले डॉ. उडुपी श्रीनिवास यांनी याच होंगेच्या तेलावर गावातले डिझेल जनित्र चालवता येते हे दाखवून दिले, आणि तेलबियांच्या झाडांकडे गावाच्या ऊर्जेचे साधन म्हणून पाहायची दृष्टी दिली. हासनच्या प्रयोगाचा कणा असा, की शेत जैवइंधनाला द्यायचे नाही, बांध द्यायचा. करंजाबरोबर कडुनिंब, मोह, सिमारूबा अशी झाडे मिसळून लावली की त्यांच्या बिया वेगवेगळ्या महिन्यांत हाती येतात. करंजाच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात, आणि पेंड खत म्हणून शेतातच परत जाते. जट्रोफाच्या योजनेत बी हेच सर्वस्व होते, ते पडले की सगळे पडले. इथे बी नाही विकले तरी झाड निकामी होत नाही. अर्थात यालाही मर्यादा आहेत. करंज फळायला काही वर्षे घेतो, बिया गोळा करायला पुष्कळ हात आणि वेळ लागतो, आणि भाव पडला की त्या झाडाखालीच कुजतात. या मार्गाने एका गावाचे पंप चालतील, पण महामार्गावरची ट्रकांची रांग चालणार नाही. मात्र हे अपयश म्हणून मांडणे चूक आहे, कारण गावाचे पंपही आज डिझेलवरच चालतात.

हासनहून सकलेशपूरचा घाट उतरून मंगळूरला आले की किनाऱ्याचा महामार्ग कारवार, गोवा करत सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शिरतो. या वाटेवर पुळणीच्या कडेने, सुरूंच्या आड, गडद चकाकत्या पानांचे उंडीचे वृक्ष दिसतात. त्याच्या गोल फळातल्या गरात वजनाच्या निम्म्याहून जास्त तेल असते. कोकणात हे तेल पूर्वी दिव्यात जळायचे आणि लाकडी होड्यांना लावले जायचे. रॉकेल आणि वीज आल्यावर दिवा गेला, फायबरच्या होड्या आल्यावर तो उपयोगही आटला, आणि आज पुष्कळ फळे वाळूतच पडून राहतात. खाऱ्या वाऱ्यात आणि पुळणीत उगवणारे, किनाऱ्याची धूप थोपवणारे, कुणाच्या अन्नाशी स्पर्धा न करणारे हे झाड. बायोडिझेलच्या दृष्टीने याहून निर्दोष उगम शोधून सापडायचा नाही, आणि ज्या बंदरांत मासेमारीच्या नौका रोज डिझेल भरतात ती बंदरे या झाडांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पण इथेच सर्वात सावध राहायला हवे. उंडीचे गुण पाहून कुणी तिच्या हजारो हेक्टर लागवडीची योजना आखली, तर जट्रोफाचीच कथा पुन्हा घडेल. आज पडून राहणारी फळे उचलणे हा एक व्यवहार आहे आणि फळांसाठी किनारा व्यापणे हा दुसरा. पहिल्यात वाया जाणारे तेल कामी येते. दुसऱ्यात जमीन गुंतते, आणि जमीन गुंतली की काहीतरी विस्थापित होतेच.

मग वाया जाणारे तेल सर्वाधिक कुठे आहे? त्याचे उत्तर शेवटच्या टप्प्यावर, मुंबईत मिळते. वडापावच्या गाड्या, फरसाणचे कारखाने, उडपी हॉटेले, चायनीजच्या टपऱ्या, विमानतळाची आणि कंपन्यांची उपाहारगृहे: या शहराचा दिवस तळणीवर चालतो. तेच तेल पुनःपुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय घटक वाढत जातात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली. त्यापुढचे तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल लागणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणेही बंधनकारक झाले. १० ऑगस्ट २०१८ रोजी, जागतिक जैवइंधन दिनी, वापरलेले तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी याच दिवशी सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांत अशा बायोडिझेलच्या खरेदीसाठी प्रस्ताव मागवले. पहिल्या वर्षाचा भाव लिटरला ५१ रुपये होता. पडून राहणाऱ्या उंडीप्रमाणेच या उगमातही इंधनाने कुणाची जमीन घेतलेली नाही. उलट ते तेल तिथून उचलले नाही तर दोनच वाटा उरतात. एक गटारातून खाडीकडे जाते. दुसरी, मोठ्या हॉटेलातले काळे तेल स्वस्तात घेणाऱ्या छोट्या गाडीवरून गरिबाच्या पोटात. इथे बायोडिझेल करण्याचे पहिले फळ इंधन नाहीच, ते आरोग्य आहे.

आता आकडे समोर ठेवू, कारण खरी परीक्षा तिथे आहे. भारत वर्षाला सुमारे ९ कोटी टन, म्हणजे साधारण १०,८०० कोटी लिटर डिझेल जाळतो. २०१९ च्या सरकारी अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरले जाते. त्यातले १४० कोटी लिटर वापरलेले तेल हॉटेले, उपाहारगृहे अशा मोठ्या ग्राहकांकडून गोळा होऊ शकते, आणि त्यापासून ११० कोटी लिटर बायोडिझेल मिळेल. हे सगळेच्या सगळे हाती आले तरी डिझेलच्या गरजेचा एक टक्का भागतो. २०३० च्या ५ टक्क्यांना ५०० कोटी लिटरहून जास्त लागेल. मग एक टक्क्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. पण ११० कोटी लिटर हे काही क्षुल्लक प्रमाण नाही, आणि त्याच्यासाठी नवे इंजिन, नवा पंप, नवी वाहिनी काहीच लागत नाही. खरा धोका वेगळाच आहे. लक्ष्य टक्क्यांत असले आणि वाया जाणारे तेल त्याला पुरले नाही, की ती तूट ताज्या तेलाने भरून काढण्याचा मोह होतो. वापरलेल्या तेलाला ताज्याहून चढा भाव मिळू लागला की ताजेच तेल ‘वापरलेले’ म्हणून विकले जाते. युरोपात आयात होणाऱ्या मालाबाबत हा संशय वारंवार व्यक्त झाला आहे. आपल्याकडे तर बायोडिझेलच्या नावाखाली भलतेच औद्योगिक तेल महामार्गांवर विकले गेल्याने गुजरात-महाराष्ट्रात कारवाया कराव्या लागल्या. लक्ष्य जितके मोठे आणि उगमाची तपासणी जितकी ढिली, तितकी अशी भेसळ सोपी होते.

दोन शंका अजून उरतात. पहिली वाहनचालकांची: याने इंजिन खराब होते का? मानकात बसणारे बायोडिझेल थोड्या प्रमाणात मिसळले तर नाही. शुद्ध बायोडिझेलसाठी आणि ६ ते २० टक्के मिश्रणांसाठी भारतीय मानके आहेत, आणि ७ टक्क्यांपर्यंतचे मिश्रण साध्या डिझेलच्या मानकातच बसते. धूर, कार्बन मोनॉक्साइड कमी होतात. कमी गंधकाच्या डिझेलची घटलेली वंगणशक्ती परत मिळते. उलट बाजूला शुद्ध बायोडिझेलमध्ये ऊर्जा आठ-दहा टक्क्यांनी कमी असते, नायट्रोजनची ऑक्साइडे किंचित वाढतात, जुन्या टाकीतला गाळ सुटून सुरुवातीला फिल्टर तुंबतो, आणि पामचे बायोडिझेल थंडीत गोठू लागते, म्हणून ते लडाखला पाठवण्यात अर्थ नाही. दुसरी शंका अधिक मूलभूत आहे: सगळेच विजेवर जाणार असेल तर हे मधले इंधन हवे कशाला? रेल्वेने हे बरेचसे खरे करून दाखवले. शताब्दीला बायोडिझेल देण्यापेक्षा मार्गाचे विद्युतीकरण करणे शहाणपणाचे ठरले. पण ट्रॅक्टर, मासेमारी नौका, दूरचे मालट्रक, जनित्रे, फेरीबोटी यांची इंजिने वीस-वीस वर्षे चालतात आणि ती उद्या भंगारात जाणार नाहीत. थोडे पण निर्मळ इंधन हाती असेल, तर ते अशाच ठिकाणी खर्चावे.

म्हणून धोरणात एक साधा पण मूलभूत बदल हवा. टक्क्यांचे लक्ष्य बाजूला ठेवून उगमाचे लक्ष्य ठरवावे: किती शहरांतून किती वापरलेले तेल उचलले, किती तालुक्यांतल्या बांधांवरची आणि किनाऱ्यांवरची बी विकत घेतली गेली, आणि प्रत्येक लिटरमागे उगमाचा दाखला आहे की नाही. कोकणातल्या मच्छीमार सहकारी संस्थेने उंडीचे आणि शहरातले वापरलेले तेल मिळून आपल्या नौकांची गरज थोडी जरी भागवली, तर ते यश मोजले जावे. नवी लागवड जमीन मागत असेल, तर ती जमीन आज कोण वापरतो याचे उत्तर आधी द्यावे लागावे. या कसोटीवर चाळीस टक्क्यांचा मोठा प्रयोग नापास होतो आणि एक टक्क्याचा लहानसा उद्योग उत्तीर्ण होतो. बायोडिझेल हे डिझेलची जागा घेणारे इंधन नाही. उधळपट्टीने वाया जाणारे तेल कामाला लावणारा तो एक चांगला, मर्यादित आणि स्थानिक धंदा आहे, आणि तो तेवढाच राहू दिला तरच नवीकरणीय राहील.